पाच भावंडं, एकच आजार: धमन्यांत साचणाऱ्या कॅल्शियमचं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका कुटुंबाचं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ते सविस्तर छापलं आणि एक नवा आजार वैद्यकशास्त्राच्या यादीत आला. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. निदान आणि उपचार यांमध्ये केवढं अंतर असतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, म्हणून ते मराठीत मांडतो आहे.

पार्श्वभूमी

पाच सख्खी भावंडं. थोडं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या आणि पाय पुढे टाकवत नसे. उभं राहिलं की दुखणं ओसरायचं, पुन्हा चालायला लागलं की पुन्हा तेच. जोडीला हातापायांचे सांधे दुखायचे. तरुणपणी सुरू झालेला हा त्रास वयाबरोबर वाढत गेला. आईवडिलांना यातलं काहीच नव्हतं.

चालताना दुखणं आणि थांबल्यावर राहणं, याला डॉक्टर क्लॉडिकेशन म्हणतात. स्नायूला काम वाढल्यावर जादा रक्त हवं असतं आणि अरुंद झालेली धमनी ते पुरवू शकत नाही. नेहमीची कारणं ठरलेली आहेत: तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, उतारवय, निकामी मूत्रपिंड. आपल्याकडे तरुण पुरुषात असं दुखणं दिसलं आणि तो बिडी ओढत असला, तर बर्जरचा आजार, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडणं, पहिल्यांदा मनात येतो. अनेकदा तर रक्तवाहिन्यांपर्यंत विचार पोचतच नाही. ‘मणक्यात नस दबली आहे’ म्हणून कमरेचा एमआरआय होतो आणि पायाची नाडी कुणी बोट लावून पाहिलेली नसते.

या भावंडांच्या पायांच्या साध्या एक्स-रेतच उत्तराचा अर्धा भाग होता. निरोगी धमनी एक्स-रेवर दिसत नाही. यांच्या मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या धमन्या पांढऱ्या नळ्यांसारख्या उमटल्या होत्या, म्हणजे भिंतींत कॅल्शियम ठासून भरलं होतं. हातापायांच्या लहान सांध्यांभोवतीच्या आवरणातही ते साचलं होतं. हृदयाच्या धमन्या मात्र बहुतांशी वाचल्या होत्या.

अडचण

कॅल्शियम भलत्या जागी साचलं की पहिला संशय रक्तातल्या रसायनांवर जातो. कॅल्शियम वाढलं आहे का, फॉस्फेट वाढलं आहे का, ड जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला आहे का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आलं. सगळे आकडे सामान्य.

अहवाल सामान्य आले की रुग्णाची फाईल बंद होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. ‘काही निघालं नाही’ हे वाक्य रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकू येतं. इथे सामान्य अहवालांचा अर्थ वेगळा निघत होता. रक्तात कच्चा माल जादा नसताना धमनीत खडे होत असतील, तर ते होऊ न देणारी स्थानिक यंत्रणाच बिघडलेली असणार. आपल्या रक्तात आणि ऊतींत कॅल्शियम व फॉस्फेट इतकं असतं की रोखणारं काही नसतं तर त्यांचे स्फटिक सहज जमले असते. शरीर ते रोज रोखत असतं. या कुटुंबात ती रोखणारी साखळी कुठेतरी तुटली होती.

कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं. मे २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने (एनआयएच) मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे निदान न झालेल्या आजारांसाठी एक खास कार्यक्रम सुरू केला होता. डॉ. विल्यम गाल त्याचे प्रमुख. हे कुटुंब त्या कार्यक्रमात आलं.

पहिला निर्णय: वातावरण की वारसा?

पाचपैकी पाच भावंडं आजारी आणि आईवडील निरोगी. हे चित्र वाटतं तितकं सरळ नाही. आईवडील दोघंही एकाच सदोष जनुकाचे मूक वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पाचही मुलांना तो होण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. इतका छोटा आकडा पाहून कुणीही म्हणालं असतं की हे आनुवंशिक नसावं. एका घरात वाढलेल्यांनी एकच पाणी प्यायलं, एकच अन्न खाल्लं, तिथेच काही असेल. तसं म्हटलं असतं तर पाणी तपासण्यात वर्षं गेली असती.

पण अशा कार्यक्रमाकडे येणारी कुटुंबं सरसकट निवडलेली नसतात. ज्यांच्याकडे एकच आजारी मूल आहे ते एकटे पडतात, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वेगवेगळी नावं घेऊन फिरतात. पाचही आजारी असलेलं घरच कुणाच्या तरी डोळ्यांत भरतं. शिवाय एक धागा हाताशी होता: आईवडील दूरच्या नात्यातले होते. एकाच पूर्वजाकडून आलेला जनुकाचा तोच दोष दोन्ही बाजूंनी मुलांपर्यंत पोचायला एवढं पुरतं.

हा धागा पकडण्याचा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि तरी आपल्या केसपेपरवर ‘आईवडिलांचं आपसात नातं आहे का’ हा प्रश्न बालरोग विभागाबाहेर क्वचितच विचारला जातो. चाळिशीच्या, पाय दुखणाऱ्या रुग्णाला तर कोणीच विचारत नाही.

शोध कसा लागला

आईवडिलांचं नातं असेल तर एक पद्धत वापरता येते. आजारी मुलांच्या गुणसूत्रांवर असे पट्टे शोधायचे, जिथे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या आहेत. मग पाचही जणांत सामाईक असलेला पट्टा कोणता ते पाहायचं. इथे असा एकच पट्टा सापडला, सहाव्या गुणसूत्रावर, २२.४ मेगाबेस लांबीचा. म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास अक्षरं. त्यात जनुकं पुष्कळ होती. पण अख्ख्या जनुकसंचाच्या मानाने शोधाचं क्षेत्र एका कोपऱ्यात आलं होतं.

त्या पट्ट्यात एनटी५ई हे जनुक होतं. सीडी७३ नावाचं प्रथिन बनवण्याची कृती त्यात लिहिलेली असते. पाचही भावंडांत त्याच्या दोन्ही प्रतींवर मधेच ‘थांबा’ असा खोटा संकेत आला होता, त्यामुळे प्रथिन पूर्ण बनतच नव्हतं.

इथे दुसरा निर्णय आला. दोष सापडला, जाहीर करायचं का? एवढ्या मोठ्या पट्ट्यात हा दोष योगायोगाने शेजारी बसलेला असू शकतो आणि खरा गुन्हेगार पलीकडे असू शकतो. एका कुटुंबाच्या जोरावर नवा आजार जाहीर करणं धोक्याचं होतं. संशोधकांनी तशीच लक्षणं असलेली इतर माणसं शोधली. दुसऱ्या कुटुंबात तीन भावंडं मिळाली, त्यांच्यात एनटी५ईचाच पण वेगळ्या जागचा दोष होता. तिसऱ्या कुटुंबात एक व्यक्ती मिळाली, तिच्या दोन प्रतींवर दोन निरनिराळे दोष होते आणि त्यातला एक पहिल्या कुटुंबातलाच होता. तीन कुटुंबं, नऊ रुग्ण, एकच जनुक. आता योगायोगाला जागा उरली नव्हती.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतली. डॉ. मॅन्फ्रेड बोम आणि डॉ. सिंथिया सेंट हिलेअर यांच्या गटाने रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी वाढवल्या. त्यांत सीडी७३ जवळपास नव्हतं, अल्कलाईन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) वाढलं होतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक साचत होते. त्याच पेशींत जनुकाची चांगली प्रत घातल्यावर सीडी७३ आणि अल्कलाईन फॉस्फेटेज या दोन्ही विकरांचं काम रुळावर आलं. सीडी७३ जे रसायन तयार करतं ते, म्हणजे अडेनोसिन, नुसतं घातलं तरी अल्कलाईन फॉस्फेटेज आणि कॅल्शियम दोन्ही कमी झालं.

आजाराला नाव मिळालं ‘सीडी७३च्या अभावामुळे होणारं धमन्यांचं कॅल्सिफिकेशन’, इंग्रजी आद्याक्षरांनी एसीडीसी.

यंत्रणा काय आहे

उपचाराचा सगळा वाद हिच्यावरच आहे, म्हणून ही साखळी नीट समजून घेतलेली बरी. एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू. पेशीच्या बाहेर आलेल्या एटीपीचे एक विकर दोन तुकडे करतं: एएमपी आणि पायरोफॉस्फेट. पायरोफॉस्फेट हा कॅल्शियमचे स्फटिक होऊ न देणारा शरीराचा रखवालदार. दुसरा तुकडा, एएमपी, सीडी७३च्या हाती जातो आणि त्याचं अडेनोसिन होतं. अडेनोसिन पेशींना अल्कलाईन फॉस्फेटेज आवरतं ठेवायला सांगतं. हे अल्कलाईन फॉस्फेटेज मोकाट सुटलं तर ते पायरोफॉस्फेट फोडून टाकतं.

सीडी७३ नसलं की अडेनोसिन घटतं, अल्कलाईन फॉस्फेटेज वाढतं, पायरोफॉस्फेट फुटतं. फुटल्यावर त्यातून साधं फॉस्फेट निघतं आणि तेच स्फटिकाचा कच्चा माल ठरतं. रखवालदार गेला आणि वर चोराला माल मिळाला. हे सगळं धमनीच्या भिंतीत, जागच्या जागी घडतं. रक्ताचे अहवाल सामान्य का होते, त्याचं उत्तर इथे आहे.

पायांच्याच धमन्या का आणि हृदयाच्या का नाहीत, याचं समाधानकारक उत्तर या साखळीतून मिळत नाही.

उपचाराचे पर्याय

रोग समजला तेव्हा ही भावंडं मध्यम वयात होती आणि धमन्या आधीच भरलेल्या होत्या. समोर जे पर्याय येऊ शकत होते, त्यांचा हिशेब असा होता.

शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी. नेहमीच्या रुग्णात हा पहिला विचार असतो. पण चुन्यासारख्या कडक झालेल्या धमनीत फुगा नीट फुगत नाही, टाका धरत नाही, चिमटा लावला तर भिंत तडकते. वर रोग लांबच लांब पसरलेला. या रुग्णांच्या शरीराने बंद धमन्यांना वळसा घालून बारीक पर्यायी रक्तवाहिन्या तयार केल्या होत्या. त्यांना धक्का लागला असता तर पायाचं होतं ते रक्तही गेलं असतं.

थेट अडेनोसिन देणं. जे कमी आहे तेच द्यायचं, इतकं सरळ. पण अडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकतं. हृदयाची एकाएकी सुरू होणारी, अतिवेगवान अशी एका प्रकारची धडधड थांबवायला ते शिरेतून झटक्यात देतात, रोज आयुष्यभर देण्याचं ते औषध नाही.

डायपिरिडामोल. रक्ताची गुठळी रोखण्यासाठी वापरलं जाणारं हे औषध पेशीबाहेरचं अडेनोसिन आत खेचू देत नाही. कागदावर पटतं. पण इथे मूळ उत्पादनच घटलेलं असताना उरलेलं वाचवून किती हाती लागणार, ही शंका रास्त आहे.

अल्कलाईन फॉस्फेटेज रोखणं. यंत्रणेवर नेमका घाव घालणारा पर्याय. लेव्हामिसोल हे जुनं जंतनाशक प्रयोगशाळेत हे काम करतं. आपल्याकडे पशुपालकांना ते ठाऊक असतं. पण माणसात ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकपणे खाली आणू शकतं. दीर्घकाळ देण्यासारखं सुरक्षित औषध त्या वेळी हाताशी नव्हतं.

पायरोफॉस्फेटची उणीव भरून काढणं. पायरोफॉस्फेट तोंडाने घेऊन दीर्घकाळ परिणाम मिळवणं अवघड, कारण ते फुटतं. या अडचणीवरचा तोडगा १९६०च्या दशकातच निघाला होता. स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरोफॉस्फेटसारखीच दिसणारी, पण विकरांना न फुटणारी रसायनं शोधली. तीच पुढे बिस्फॉस्फोनेट म्हणून ओळखली गेली. हाडं ठिसूळ झालेल्या आज्या आठवड्यातून एकदा जी गोळी उपाशीपोटी घेतात, ती याच घराण्यातली. त्यातलं आद्य औषध एटिड्रोनेट. अर्भकांच्या धमन्यांत कॅल्शियम साचणाऱ्या, याच्याशी मिळत्याजुळत्या एका आजारात ते आधीपासून वापरलं जात होतं.

प्रत्यक्ष काय केलं

निवड एटिड्रोनेटची झाली. मला ती बरोबर वाटते. नवं औषध घडवायला रुग्णांकडे वेळ नव्हता, आणि जगभरात मोजके रुग्ण असलेल्या आजारासाठी ते घडवायला कोणती कंपनी पुढे येणार? एटिड्रोनेटचे फायदे-तोटे माहीत होते. इतर बिस्फॉस्फोनेटपेक्षा ते स्फटिक बनणं जास्त थेट रोखतं आणि इथे तेच हवं होतं.

त्याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे ते हाडांतलं योग्य कॅल्शियमही बसू देत नाही. मोठ्या मात्रेत सतत दिलं तर हाडं मऊ पडतात. म्हणून ते चक्राने दिलं: वजनाच्या दर किलोला रोज २० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस, दर तीन महिन्यांनी एकदा. साठ किलोच्या माणसाला रोजचे १,२०० मिलिग्रॅम. मधल्या काळात हाडांना सावरायला वाव.

प्राण्यांत पडताळा घेण्याचा मार्गही सोपा नव्हता. सीडी७३ नसलेल्या उंदरांत सांध्यांच्या आवरणात कॅल्शियम साचलं, पण माणसासारखा पायांच्या धमन्यांचा आजार हुबेहूब उमटला नाही. संशोधकांनी मग रुग्णांच्याच पेशींपासून मूळपेशी तयार करून त्यांवर औषधांची चाचपणी केली. उंदीर साथ देत नाही म्हणून थांबायचं नाही, रुग्णाचीच पेशी हा नमुना मानायचा, हा निर्णय इतर दुर्मीळ आजारांनाही उपयोगी पडणारा आहे.

माणसांतल्या चाचणीत सात प्रौढ रुग्ण होते आणि ती तीन वर्षं चालली. दोन गोष्टी मोजल्या: सीटी स्कॅनवर धमन्यांतल्या कॅल्शियमचा स्कोअर, आणि घोट्याजवळच्या रक्तदाबाचं दंडाच्या रक्तदाबाशी प्रमाण, म्हणजे एबीआय.

निष्पत्ती

औषध रुग्णांना सोसलं. कॅल्शियम साचण्याचा वेग मंदावल्यासारखा दिसला. पायांतला रक्तप्रवाह, एबीआयच्या मापाने, सुधारला नाही. सात माणसांच्या चाचणीत यापेक्षा ठाम काही म्हणता येत नाही आणि संशोधकांनीही म्हटलं नाही.

कुणाला हे फार थोडं वाटेल. पण यंत्रणा लक्षात घेतली तर दुसरं काही अपेक्षित नव्हतं. पायरोफॉस्फेटचा जुळा भाऊ नवे स्फटिक होऊ देत नाही. वर्षानुवर्षं बसलेला चुना तो विरघळवत नाही. वेग मंदावणं हेच त्याचं काम होतं.

या भावंडांना मिळालेली दुसरी गोष्ट कोणत्याही स्कोअरवर मोजलेली नाही. आपल्याला काय झालं आहे, ते त्यांना कळलं. आपल्या मुलांचं काय होणार, याचंही उत्तर मिळालं: प्रत्येक मूल वाहक असणारच, पण जोडीदाराकडूनही एनटी५ईचा दोष आला नाही तर त्याला हा आजार होणार नाही. ज्या घरात एका पिढीतली सगळी माणसं लंगडत चालतात, त्या घराला या एका वाक्याने किती हलकं वाटलं असेल!

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी निदानाच्या आधीच निसटली. पायांचा एक्स-रे आणि हातांचा एक्स-रे एकत्र ठेवून कुणी लवकर पाहिले असते, तर हे दोन स्वतंत्र आजार नाहीत हे दिसलं असतं. सांधेदुखी संधिवाताच्या डॉक्टरांकडे आणि पोटऱ्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, अशी वाटणी झाली की दोघांनाही अर्धंच चित्र मिळतं. भावंडांपैकी एकाला तपासताना ‘घरात आणखी कुणाला?’ एवढं विचारून बाकीच्यांचाही साधा एक्स-रे काढणं कुठल्याही तालुक्याच्या गावी शक्य असतं.

चाचणीच्या मापांबद्दल माझी शंका जास्त गंभीर आहे. धमनी कॅल्शियमने कडक झाली की रक्तदाबाचा पट्टा तिला दाबू शकत नाही आणि एबीआय खोटा जास्त येऊ शकतो. मधुमेही रुग्णांत हा सापळा रोज दिसतो, १.४च्या वरचा आकडा चांगला रक्तपुरवठा दाखवत नाही, दगडी धमनी दाखवतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब जास्त भरवशाचा, कारण तिथल्या बारीक वाहिन्या सहसा मऊ राहतात. कॅल्शियमच्याच आजारात रक्तप्रवाहाचं मुख्य माप म्हणून एबीआयवर विसंबण्यापेक्षा अंगठ्याचा दाब आणि रुग्ण न थांबता किती अंतर चालतो, यांना वरचं स्थान द्यायला हवं होतं. रुग्णाची तक्रार चालण्याची होती.

तिसरी गोष्ट वेळेची. साचलेलं हटत नसेल, फक्त नवं साचणं थांबत असेल, तर औषधाचा खरा उपयोग धमन्या भरण्याआधी आहे. यापुढे कुठल्याही कुटुंबात एक रुग्ण सापडला की त्याच्या धाकट्या भावंडांची जनुकीय तपासणी लगेच करावी आणि दोष आढळला तर लक्षणांची वाट न पाहता उपचाराची चर्चा सुरू करावी. तरुण, बिनतक्रार माणसाला हाडांवर परिणाम करणारं औषध वर्षानुवर्षं द्यायचं का, हा प्रश्न मात्र सोपा नाही. तो त्या माणसाला सगळं समजावून त्याच्यासोबतच सोडवावा लागेल.

आपल्याकडे असा रुग्ण आला तर कुठे पाठवायचं, याला आता उत्तर आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली जी उत्कृष्टता केंद्रं नेमली आहेत, त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. चिठ्ठीवर एवढं जरूर लिहावं: वय, तंबाखू आणि मधुमेह आहे की नाही, कॅल्शियम व फॉस्फेटचे आकडे, हातापायांच्या एक्स-रेचा अहवाल, किती भावंडांना तोच त्रास आहे, आणि आईवडिलांचं लग्न नात्यात झालं होतं का.